तुरीचे दाणे, मिरची आणि गूळ

सौंसरजवळच्या एका खेड्यात एक म्हातारी होती. सारं गाव तिला माय म्हणे. नवरा लवकर गेला, तरी तिने संत्र्याची वाडी मोडू दिली नाही. अंबिया आणि मृग या दोन बहारांच्या हिशेबात तिने मुलाला वाढवलं, शिकवलं, आणि मुलगा सरकारी कचेरीत बाबू झाला. घरात त्याला बापू म्हणत. बापू, त्याची बायको, आठ वर्षांची चिमी आणि माय, असं चौघांचं घर.

या मुलखाची गोष्ट जरा आडवळणाची आहे. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर एका राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्हा दुसऱ्या राज्यात राहिला. तेव्हापासून सौंसर-पांढुर्ण्याची माणसं चुलीपाशी मराठी बोलतात आणि कचेरीत हिंदी. संत्री खाली नागपूरला जातात, पण मोठ्या साहेबाची सही हवी असली की माणूस सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला जाई. बापूची नोकरीही छिंदवाड्याला होती. आठवडाभर तो तिकडे खोली घेऊन राही आणि सुटीला गावी येई.

ऑगस्ट 2023 मध्ये जामसावळीला, जिथला मारुती निजलेल्या रूपात आहे, मुख्यमंत्र्यांनी पांढुर्णा वेगळा जिल्हा करण्याची घोषणा केली. 5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलांचा तो जिल्हा झालाही. पुढे बापूची बदली पांढुर्ण्याला झाली आणि आता सगळ्यांनी एकत्र राहायचं ठरलं.

पांढुर्ण्यात तेव्हा चहाच्या टपरीवरही प्लॉटच्याच गोष्टी चालत. जिल्हा झाला म्हणजे कलेक्टर येणार, कलेक्टर आला म्हणजे दहा कचेऱ्या येणार, आणि कचेऱ्या आल्या म्हणजे बाबू लोकांना घरं लागणार. नागपूर-बैतूल-भोपाळ महामार्गाच्या पलीकडे, कालपर्यंत कपाशी होती तिथे चुन्याच्या रेघा पडल्या आणि लेआउटच्या कमानी उभ्या राहिल्या.

अंबिया बहाराचे पैसे हातात होते, थोडं कर्ज मिळणार होतं. बापू मोटारसायकल काढून एका दलालाबरोबर घरं पाहू लागला. फिरता फिरता दोन घरं उरली, आणि दोन्हींची किंमत जवळजवळ सारखीच.

पहिलं महामार्गापलीकडच्या लेआउटमधलं. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट, त्यावर नवंकोरं घर, पुढे पोर्च, मागे धुण्याभांड्याला जागा, गच्चीवर पाण्याची टाकी. दुसरं जुन्या वस्तीतल्या गल्लीत. जागा सहाशे फूट, डोक्यावर कवेलू, एक भिंत शेजाऱ्याची आणि पुढे हातभर ओटा.

“याच्यात विचार कायचा करता, बाबूजी?” दलाल म्हणाला. “डायव्हर्शन झालेलं हाय, रजिस्ट्री साफ हाय. बाजार पाच मिनिटं, शाळा पाच मिनिटं, स्टेशन पाच मिनिटं, दवाखाना पाच मिनिटं.”

बापूने मनातल्या मनात पोर्चमध्ये गाडी लावूनही टाकली. रविवारी बयाणा द्यायचं ठरवून तो घरी आला आणि मायला सगळं सांगितलं.

मायने ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाच मिनिटं कोनाचे?”

“म्हंजे?”

“गाडीचे का पायाचे?”

“गाडीचे. गाडी हाय ना आपल्यापाशी.”

“आपल्यापाशी नाही, तुयापाशी हाय. तू ते सकाळी घेऊन जाशीन अन् दिवस बुडल्यावर आणशीन. तवर आम्हा तिघींपाशी काय हाय?”

बापू हसला. माय हसली नाही. तिला सौंसरची छोटी गाडी आठवत होती. नागपूर-छिंदवाडा लाइनवरच्या त्या गाडीवर कितीकांचं जाणंयेणं, भाजीपाला, दवाखाना चाले. 2015 मध्ये मोठ्या लाइनीच्या कामासाठी ती बंद झाली आणि मोठी लाइन पुरी होईतो वर्षं गेली. ज्यांच्या दारात मोटारसायकल होती त्यांचं काही अडलं नाही. ज्यांच्या दारात नव्हती ते पाहुण्यांना विचारू लागले, “सौंसरले जाता काय, मले सोडता काय?” मायने त्या वर्षांत बरेचदा असं विचारलं होतं, आणि विचारताना कसं वाटतं ते तिला ठाऊक होतं.

“बयाना द्यायच्या आंधी एक काम कर,” ती म्हणाली. “दोन्ही घरं रिकामीच हायेत ना? एक एक दिवस राहून पाहू. गाडी मात्र इथंच, गावात ठेवू.”

दलालाला हे ऐकून नवल वाटलं, पण गिऱ्हाईक पक्कं होतं. त्याने दोन्ही घरांच्या किल्ल्या दिल्या.

चैत्र लागला होता. चौघं बसने पांढुर्ण्याला उतरली. अंथरुणं, स्टोव्ह, चार भांडी आणि मायचं एक गाठोडं. पहाटे तिने ते सोडलं. आत चार रिकाम्या पिशव्या, एक तुरीची पुरचुंडी, एक सुक्या मिरच्यांची आणि एक गुळाच्या खड्यांची.

“आयका,” माय म्हणाली. “शंभर पावलं झाली का आपल्या पिशवीत तुरीचा एक दाना टाकायचा. जिथं जीव घाबरला तिथं एक मिरची. अन् वाटेत कोनी आपुलकीनं दोन शब्द बोललं, तर गुळाचा एक खडा. चौघांनीबी. बापू, तूबी.”

चिमीला हा खेळ फार आवडला. बापूला कचेरीत कोणी पाहील याचीच धास्ती, पण त्याने पिशवी खिशात टाकली.

पहिला दिवस लेआउटमधला. घर खरोखर देखणं होतं. फरशी थंड, खिडक्या मोठ्या, नळ उघडला की पाणी. बापूची कचेरी महामार्गाच्या याच बाजूला होती. सरळ, मोकळ्या रस्त्याने तो शीळ घालत गेला आणि पंधरा दाण्यांत पोचला.

माय चिमीला घेऊन दूध आणायला निघाली. दुकान महामार्गापलीकडे. दोघी कडेला येऊन उभ्या राहिल्या. नागपूरकडून ट्रक येत होते, बैतूलकडून बस येत होत्या. एक बाजू मोकळी झाली की दुसरी भरून येई. माय पदर घट्ट धरून उभी राहिली, एक पाऊल पुढे टाकलं, हॉर्न वाजला, पाऊल मागे आलं. असं दोनतीनदा झालं. मग तिने पिशवीत एक मिरची टाकली आणि नातीला घेऊन परत फिरली. दूध सुनेने आणलं.

मग सून चिमीला शाळेत सोडायला गेली. पंचवीस दाणे जायला, पंचवीस यायला. दुपारी आणायला पुन्हा तेवढेच, तेही डोक्यावर ऊन घेऊन, कारण लेआउटमध्ये झाडं होती ती नकाशातच. चिमीचं पाऊल लहान, म्हणून तिचे दाणे एका खेपेला तेहतीस. सुनेने येताजाता भाजी उरकली, पण दळण राहिलंच होतं. ते डोक्यावर घेऊन ती पुन्हा रस्ता ओलांडून चक्कीवर गेली.

माय दिवसभर पोर्चमध्ये बसून होती. एक पाण्याचा टँकर गेला, एक मोटारसायकल गेली. समोरच्या घराला कुलूप, बाजूच्या प्लॉटवर गवत.

संध्याकाळी मायने सूप मांडलं आणि प्रत्येकाची पिशवी वेगळी ओतली. सुनेचे दाणे एकशेवीस आणि मिरच्या पाच. चिमीचे दाणे अठ्ठ्याहत्तर आणि मिरच्या तीन. बापूचे दाणे तीस, मिरची नाही. मायचे बारा दाणे आणि एक मिरची. गूळ कोणाच्याच पिशवीत नव्हता.

बापू मायच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, “पाह्य माय, तुले तर सगळ्यात कमी चालावं लागलं. अजून काय पायजे?”

“उद्या बोलू,” माय म्हणाली.

दुसरा दिवस गल्लीतला. रात्रीच बापूची झोपमोड झाली होती, कारण शेजारचा टीव्ही भिंतीतून ऐकू येत होता. नळाचं पाणी पहाटे आलं आणि भांडी भरून होत नाहीत तोच गेलं. गल्ली इतकी अरुंद की गाडी लावायची तर ओट्यालाच टेकवावी लागणार. नालीवर फरशी होती, पण सगळीकडे नव्हती. शेजारच्या काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली, “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या या काठाले पांढुर्ना, त्या काठाले सावरगाव, अन् दोन्हीकडून एकमेकाले गोटे मारतात. सारा मुलूख लोटते. त्या दिवशी सकाळीच सामान भरून ठेवा अन् पोट्टीले घरातून सोडू नका.”

बापूने हे दोष बोटांवर मोजायला सुरुवात केली होती, तेवढ्यात माय दुधाचं भांडं घेऊन निघाली. तोही कुतूहलाने मागोमाग गेला. डेअरी कोपऱ्यावरच. तिथे बनियनवर, हातात किटली घेऊन, रांगेत एक माणूस उभा होता. बापूने पुढे होऊन पाहिलं तर तो दलाल.

“तुमी इथं?” बापू म्हणाला.

दलाल ओशाळला. “घर हाय ना माहं. पुढच्या बोळीत. आजोबापासूनचं.”

“मंग त्या लेआउटमधी?”

“दोन प्लॉट ठेवले हायेत मी तिकडं,” दलाल म्हणाला, आणि मायकडे पाहून आवाज खाली आणला. “पन बुढी ऐकत नाही. म्हनते, मले मंदिर अन् डॉक्टर पायी पायजे. बायकोबी तेच म्हनते. मी तर दिवसभर गाडीवरच रायतो, मले काय, कुठंबी चालते.”

माय काहीच बोलली नाही. तिने गुळाचा एक खडा पिशवीत टाकला.

त्या दिवशी सून चिमीला घेऊन निघाली तर तिसऱ्या घरातली एक मुलगी त्याच शाळेची निघाली. सात दाण्यांत शाळा आली आणि वाटेत मोठा रस्ता लागलाच नाही. दुपारी चिमी तिच्याबरोबर परत आली, आईला न्यायला जावं लागलं नाही. चक्की दोन दाण्यांवर, किराणा एका दाण्यावर. दुपारी घरांच्या सावल्या गल्लीत पडल्या आणि माय ओट्यावर येऊन बसली. कोणी विचारलं, “कोन्या गावच्या, माय?” कोणी म्हणालं, “सौंसरकडच्या? मंग आमच्या मोठ्या बहिनीले ओळखसान.” कोणी संत्र्याचा भाव विचारला. चार वाजता माय एकटी उठून मंदिरात गेली, येताना औषधांच्या दुकानातून गुडघ्याचा मलम घेऊन आली आणि वाट चुकली तेव्हा एका पोराने तिला घराशी आणून सोडलं.

संध्याकाळी नागपूरहून सुनेचा भाऊ रेल्वेने आला. तो तिकडे आर्किटेक्चर शिकत होता. सूप, पिशव्या आणि मिरच्या पाहून त्याला आधी हसू आलं, मग तो गंभीर झाला.

“माय, तुम्ही जे करताय ना, ते आम्हाला पुस्तकात आहे,” तो म्हणाला. “1929 साली अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी नावाच्या माणसाने वस्ती कशी असावी याचा आराखडा मांडला. प्राथमिक शाळा मधोमध, घरं तिच्यापासून चालण्याच्या अंतरावर, आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने. मुलाला शाळेत जाताना वाहता रस्ता ओलांडावा लागू नये, हा त्याचा हिशेब.”

“हे सांगायले अमेरिकेतला मानूस कायले पायजे?” माय म्हणाली. “पोट्टीवाली कोनतीबी बाई सांगीन.”

“आणि आता कार्लोस मोरेनो म्हणून पॅरिसचे एक प्राध्यापक आहेत. पंधरा मिनिटांचं शहर ही कल्पना त्यांनी 2016 मध्ये मांडली. शाळा, दुकान, दवाखाना, बाग, सगळं पंधरा मिनिटांत.”

बापूने लगेच मान वर केली. “पंधरा? अरे, लेआउटमधून तर पाचच मिनिटं लागतात!”

“भाऊजी, ती पंधरा मिनिटं पायी किंवा सायकलवरची आहेत.”

बापू गप्प झाला. मायने पिशव्या ओतल्या. सुनेचे दाणे तीस, मिरची नाही, गुळाचे चार खडे. चिमीचे चाळीस, कारण शाळेनंतर ती गल्लीत खेळली होती. मिरची एक, कुत्र्याला घाबरली म्हणून, आणि गूळ मोजायलाच नव्हता, कारण तिने तो खाल्ला होता. बापूचे अठ्ठेचाळीस, कालच्यापेक्षा बरेच जास्त. आणि मायचे एकतीस, एक मिरची मोकाट गोऱ्ह्याची, आणि गुळाचे अकरा खडे.

बापू ढिगांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “हिशेब तर बरोबरीचा हाय, माय. या दोघींची पावलं कमी झाली, मान्य. पन माही वाढली अन् तुहीबी वाढली. तू काल बारा चालली, आज एकतीस. म्हंजे तुले तर त्या घरीच बरं होतं.”

मायने कालचे बारा दाणे तळहातावर घेतले.

“काल मी बारा चालली, कारन मले तेरावा दाना टाकूच देल्ला नाही त्या रस्त्यानं. मले मंदिरात जायचं व्हतं, गेली नाही. मलम आनायचा व्हता, आनला नाही. कोनाशी बोलावं वाटलं, कोनी नव्हतं. जी पावलं मले टाकताच नाही आली, त्याचे दाने कोन्या पिशवीत टाकू, सांग? कमी चालनं अन् अडून रायनं, दोन्ही सारखं दिसते सुपात. म्हनून मी मिरची अन् गूळ वेगळा ठेवला.”

कोणी काही बोललं नाही. माय पुढे म्हणाली, “अन् कालच्या दिवशी या घरात एकच पिशवी अशी व्हती जिच्यात मिरची नव्हती. तुही. घर पसंत कोनी केलं? त्यानंच.”

बापू चांगला माणूस होता. त्याला ते लागलं, पण तो हट्टाला पेटला नाही. तरी त्याने शेवटची शंका काढली, “माय, चिमी लहान हाय म्हनून हे सारं. दहा वर्षांनं ते स्वतः गाडी चालवीन. बायकोले मी उद्याच स्कूटी शिकवतो. मंग?”

“शिकव. चांगलंच हाय,” माय म्हणाली. “चिमीचं पाऊल मोठं होईन, मले माहीत हाय. पन दहा वर्षांनं माहं अजून लहान झालं असंन. अन् वीस-पंचवीस वर्षांनं तुहं. डोळे कमी झाले, गुडघे धरले, का गाडीची चावी पोट्टे हातातून काढून घेतात. तवा त्या रस्त्याच्या कडेले कोन उभं असंन? लहान पाऊल फक्त माहं अन् पोट्टीचं नाही, बापू. तुहं बी हाय, फक्त अजून आलं नाही.”

रविवारी बापूने गल्लीतल्या घराचा बयाणा दिला. दलालाचं काही बिघडलं नाही; दलाली दोन्हीकडे सारखीच होती. पण सही झाल्यावर तो हळूच म्हणाला, “बाबूजी, त्या लेआउटच्या मालकाले मी सांगतो, कमानीपेक्षा आंधी दोन दुकानांची जागा सोड, झाडं लाव अन् लोकायले रस्ता ओलांडता येईन अशी काही सोय माग. माही माय तिकडं आली, तर अजून चार जनांच्या येतीन.”

गल्लीतलं घर काही सोन्याचं निघालं नाही. पावसाळ्याआधी कवेलू बदलावे लागले, पाण्यासाठी टाकी बसवावी लागली, आणि गोटमारच्या दिवशी चौघं दार लावून घरात बसली. बापूला रोज अठरा दाणे जास्त चालावे लागत, त्याबद्दल तो अधूनमधून कुरकुरेही. पण नालीवर फरशी घालावी असा अर्ज नगरपालिकेत गेला तेव्हा त्यावर पहिली सही त्याचीच होती. आणि कचेरीत नवा कोणी बदलून आला, घर पाहतोय म्हणाला, की बापू त्याला प्लॉट किती फुटांचा हे विचारत नसे. तो विचारी, “घरात सगळ्यात लहान कोण आणि सगळ्यात म्हातारं कोण? आधी त्या दोघांना घेऊन एकदा पायी जाऊन या.”

तात्पर्य : घर ते पसंत करतो ज्याच्यापाशी गाडी असते, आणि त्यात दिवस काढतात ते ज्यांच्यापाशी पाय असतात. म्हणून घर घ्यायचं तर ते घरातल्या सगळ्यात लहान पावलाने मोजावं. मोठं पाऊलही पुढेमागे लहान होणारच असतं.